४० बोर्ड, एकच मॅक पत्ता: यू-बूटमध्ये पत्ता नक्की कुठे ठेवायचा?

लॉगरवाला | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही अडचणीत सापडल्यावर. (सुरुवातीलाच सांगतो, कमांड देवनागरीत लिहिल्यात, बोर्डावर तशाच टाइप करू नका.)

भोसरीत आमचं वर्कशॉपवजा ऑफिस आहे. कारखान्यांसाठी गेटवे बनवतो. खालून मीटर येतात, वर इथरनेट, जोडीला फोरजी मोडेम. आत आय डॉट एमएक्स ६ या प्रोसेसरचं विकतचं मॉड्यूल, ते ज्यावर बसतं तो कॅरिअर बोर्ड आमचा. मागच्या महिन्यात एका साखर कारखान्यात ४० नग गेले.

इथे बाकावर एकेक करून सगळे तपासले होते, सगळे पास. तिथे एका स्विचला दोन लावले की एक दिसतो, दुसरा गायब. थोड्या वेळाने उलट. दोन दिवस केबली नव्याने क्रिंप केल्या, स्विच बदलला, स्विचचा ॲडॅप्टरही बदलला. शेवटी तिथल्या इलेक्ट्रिकलमधले एक काका चष्मा कपाळावर चढवून दोन डबे हातात घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, दोघांच्या पाठीवर नंबर एकच कसा हो?"

स्टिकरवरचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राची वेगळी असायला हवी अशी सहा बाइटांची ओळख. ४० च्या ४० डब्यांवर तोच. आमचा स्टिकर छापणारा प्रोग्राम लिनक्सला विचारून छापतो, म्हणजे स्टिकर खरं बोलत होता.

एक बोर्ड नीट तयार करून त्याच्या ईएमएमसीची (बोर्डावरच्या स्टोरेजची) इमेज बाकीच्यांवर ओतली, हे कारण उघड आहे. माझे प्रश्न दोन. पुढच्या बॅचला पत्ता कुठे ठेवायचा: यू-बूटच्या (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरच्या) एन्व्हायरन्मेंटमध्ये, म्हणजे त्याच्या साठवलेल्या सेटिंगांत, वेगळ्या ईईप्रॉममध्ये (छोट्या मेमरी चिपमध्ये), की चिपच्या एकदाच लिहिता येणाऱ्या फ्यूजमध्ये? आणि गेलेले ४० नग तिथे न जाता कसे सुधारायचे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

सोल्डरगन | सोमवार, रात्री ११:०३

एका बाळंतपणात ४०. पेढे कधी?

---

फुकटफौजदार | सोमवार, रात्री ११:१५

एवढं काय त्यात. यू-बूटमध्ये पत्त्याचं व्हेरिएबल म्हणजे ईथअ‍ॅडर. सेटएन्व्ह ईथअ‍ॅडर, पुढे ०२ ने सुरू होणारे कुठलेही सहा बाइट, मग सेव्हएन्व्ह, म्हणजे ते कायमचं साठवायचं. बोर्डागणिक शेवटचे दोन बाइट वाढवत जा. एक इंटर्न, एक दुपार, एक वडापाव.

---

निशिगंधा | सोमवार, रात्री ११:४०

फौजदार, ०२ बरोबर आहे, पण का ते लिहिलं नाहीत. उद्या कोणीतरी ०१ घेईल आणि इथेच रडत येईल.

पहिल्या बाइटचा सगळ्यात खालचा बिट १ असला तर तो पत्ता एकट्या यंत्राचा राहत नाही, मल्टिकास्ट, म्हणजे गटाचा, होतो. म्हणून पहिला बाइट कायम सम हवा. यू-बूट विषम किंवा सगळे शून्य असलेला पत्ता सरळ नाकारतो. त्याच्या शेजारचा बिट १ म्हणजे 'हा आम्ही घरीच ठरवलाय, कोणाकडून घेतलेला नाही'. त्यामुळे पहिल्या बाइटचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता घरगुती आणि वैध.

गंमत म्हणजे प्रोग्रामर लोकांचा लाडका 'डेड बीफ' (डीई:एडी:बीई:ईएफ) डीई ने सुरू होतो, म्हणजे नियमात चोख बसतो. याउलट सगळीकडे उदाहरणात दिसणारा ००:११:२२:३३:४४:५५ घरगुती नाहीच. तो बिट तिथे ० आहे, म्हणजे ती दुसऱ्याच्या नावावरची जमीन.

आणि बोर्डागणिक वाढवत जायचं तर शेवटचा आकडा कुठला दिला, ती वही कोण ठेवणार? तुमचा इंटर्न जूनमध्ये जाईल.

---

फुकटफौजदार | सोमवार, रात्री ११:४४

वही एक्सेलमध्ये.

---

सोल्डरगन | सोमवार, रात्री ११:४५

फायनल, फायनल २, फायनल खरंच फायनल.

---

जुना_जाणता | मंगळवार, सकाळी ६:१०

कारखान्यात माल विकता तर पत्ते रीतसर घ्यावेत, या मताचा मी आहे. हे पत्ते वाटणाऱ्या आयईईई या संस्थेकडे तीन मापांचे गठ्ठे मिळतात. मोठ्यात सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते, मधल्यात १० लाखांच्या वर, आणि सगळ्यात लहानात ४०९६. तुमच्यासारख्यांना लहान गठ्ठा कैक वर्षं पुरेल.

तेवढाही खर्च नको असेल तर मायक्रोचिपची २४एए०२ई४८ ही आयस्क्वेअरसी ईईप्रॉम बघा. पत्ता कारखान्यातूनच आत लिहून येतो, शेवटच्या सहा बाइटांत, म्हणजे २५० ते २५५. तो अर्धा भाग कायमचा कुलूपबंद असतो, चुकूनसुद्धा पुसता येत नाही. कॅरिअर बोर्डावर पाच पायांची चिप, दोन तारा, संपलं. वही नको, इंटर्न नको. वाचायला मात्र बोर्डाच्या कोडमध्ये चार ओळी लिहाव्या लागतील.

---

फ्यूज_उडाला | मंगळवार, सकाळी ९:२२

माझं नाव बघून समजलं असेल की मी कुठल्या पर्यायाबद्दल बोलणार.

आय डॉट एमएक्स ६ मध्ये मॅक पत्त्यासाठी फ्यूज आहेत, बँक ४, वर्ड २ आणि ३. यू-बूटमधून 'फ्यूज प्रोग' कमांडने जाळता येतात. शब्द 'जाळणे' हाच आहे, कारण बिट ० चा १ होतो, १ चा ० कधीच होत नाही.

आधीच्या नोकरीत, कंपनीचं नाव नको, मी स्क्रिप्ट लिहिली. पत्त्याचे शेवटचे चार बाइट वर्ड २ मध्ये आणि पहिले दोन वर्ड ३ मध्ये जातात. मी वाचायच्या क्रमाने उजवीकडून डावीकडे भरले. 'खात्री आहे का' असं कमांड विचारते, तर रोज रोज कोण उत्तर देणार म्हणून वजा वाय टाकून तोही प्रश्न बंद केलेला. १२ बोर्ड जाळून झाल्यावर तेराव्याला पिंग करून बघावं असं वाटलं. उलटा झालेला पत्ता विषम बाइटने सुरू होत होता, म्हणजे निशिगंधाताई म्हणतात तो मल्टिकास्ट. यू-बूट घेईना, लिनक्स घेईना.

१२ मॉड्यूल, प्रत्येकी काही हजार. साहेबांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. नुसतं म्हणाले, "आता हे बारा तुझ्या टेबलावर राहू देत." नोकरी सोडेपर्यंत तिथेच होते.

फ्यूज वाईट नाहीत. पण आधी 'फ्यूज ओव्हरराइड' करून तात्पुरतं बघता येतं, ते बघा. मग जाळा.

---

रोमातला_राम | मंगळवार, सकाळी १०:०५

कधी नव्हे ते रोमातून (नुसतं वाचणाऱ्यांतून) बाहेर येतोय. या सगळ्यात बूटलोडर कशाला? लिनक्स उठल्यावर 'आयपी लिंक सेट' करून पत्ता बदलता येतोच की.

---

निशिगंधा | मंगळवार, सकाळी १०:३१

येतो. पण बोर्ड टीएफटीपीने नेटवर्कवरून कर्नल ओढत असेल किंवा रूट एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कवर असेल, तर नेटवर्क लिनक्सच्या आधीच लागतं. आणि तसं नसलं तरी लिनक्सला पत्ता सांगण्याचं काम बहुतेक वेळा यू-बूटच करतो. त्याच्याकडे ईथअ‍ॅडर असेल तर तो डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला दिल्या जाणाऱ्या हार्डवेअरच्या वर्णनात) इथरनेटच्या नोडखाली 'लोकल-मॅक-अ‍ॅड्रेस' म्हणून भरतो, आणि कर्नलचा ड्रायव्हर तिथून उचलतो. नळ बदलायचा की टाकी धुवायची, तुम्ही ठरवा.

---

चकलीताई | मंगळवार, दुपारी १:१८

मला यातलं काही कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. आमच्या सोसायटीच्या वायफायला मॅक पत्ता नोंदवावा लागतो. माझा फोन एकदा नोंदवला, नंतर सेटिंगमध्ये काहीतरी झालं आणि आता सेक्रेटरी म्हणतात हा फोन तुमचा नाहीच! हे तेच का?

---

सोल्डरगन | मंगळवार, दुपारी १:२६

ताई, तुमचा फोन गेटवेवाल्यांच्या बरोबर उलटा. त्यांच्याकडे ४० डब्यांना एक पत्ता, तुमच्याकडे एका फोनला अनेक. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, घरगुती पत्ता सांगतात, पाळत ठेवता येऊ नये म्हणून. सोसायटीच्या वायफायपुरतं 'रँडमाइज्ड' बंद करा. नाहीतर सेक्रेटरींना सांगा, दुसरा अंक २, ६, ए, ई दिसला की समजायचं, हे आमच्यातलंच कोणीतरी.

---

इसार_किनारी | मंगळवार, दुपारी ४:४०

उशिरा आलो, इथे म्युनिकात सकाळची मीटिंग लांबली.

लॉगरवाले, ईईप्रॉम आणि गठ्ठ्यांच्या चर्चेला लागण्याआधी एक बघा. मॉड्यूल विकतचं आहे म्हणालात. मॉड्यूल विकणारे बहुतेक जण आपला पत्ता फ्यूजमध्ये आधीच जाळून देतात. दोन बोर्डांवर 'फ्यूज रीड ४ २ २' करा आणि यू-बूटचा सुरुवातीपासूनचा कन्सोल लॉग इथे टाका. मॅकचे बाइट झाकून टाकलेत तरी चालेल.

---

लॉगरवाला | मंगळवार, रात्री ८:१२

लॉग टाकायला वेळ लागला, कारण आमच्या यू-बूटमध्ये कन्सोल सायलेंट ठेवलाय. ग्राहकाला स्क्रीनवर 'घाण' दिसायला नको, ही मार्केटिंगची सूचना. तो उघडला आणि पहिल्याच पानावर हे:

सूचना अशी की मॅक पत्ते जुळत नाहीत. रॉममधला पत्ता शेवटी ३१:०७:४२, एन्व्हायरन्मेंटमधला शेवटी ३१:०६:९५.

दुसऱ्या बोर्डावर रॉममधला ३१:०७:५८, एन्व्हायरन्मेंटमधला पुन्हा ३१:०६:९५. फ्यूज दोन्हीकडे वेगळे आहेत!! म्हणजे प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा पत्ता पहिल्यापासून होता?

---

इसार_किनारी | मंगळवार, रात्री ९:५०

होता. तुम्हीच तो झाकलात.

क्रम असा आहे. बोर्ड उठताना यू-बूट आधी स्वतःच्या एन्व्हायरन्मेंटमध्ये ईथअ‍ॅडर शोधतो. नसेल तर रॉममधला, म्हणजे तुमच्या बाबतीत फ्यूजमधला घेतो. दोन्ही असतील आणि वेगळे असतील, तर कुरकुर करतो, पण एन्व्हायरन्मेंटचंच ऐकतो. मुद्दाम तसं ठेवलंय, माणसाला हार्डवेअरवर मात करता यावी म्हणून.

आता खोड कुठे आहे ते बघा. फ्यूजमधून घेतलेला पत्ता यू-बूट चालू एन्व्हायरन्मेंटमध्ये ईथअ‍ॅडर म्हणून ठेवतो. ती नुसती रॅममधली गोष्ट. पण त्यानंतर कुठल्याही कारणाने कोणी सेव्हएन्व्ह मारला की बाकीच्या सामानाबरोबर तो पत्ताही ईएमएमसीवर जाऊन बसतो. त्या बोर्डावर काहीच बिघडत नाही, कारण पत्ता त्याचाच आहे. बिघडतं ते त्याची इमेज दुसऱ्यावर ओतल्यावर.

म्हणून विचारतो, नमुन्याच्या बोर्डावर सेव्हएन्व्ह कोणी आणि कशासाठी मारला?

---

लॉगरवाला | मंगळवार, रात्री १०:०४

बूटडिले ३ चा ० करायला. लवकर बूट व्हावं म्हणून.

तो मीच.

---

सोल्डरगन | मंगळवार, रात्री १०:०५

हसून हसून पुरेवाट. तीन सेकंद वाचवायला एक महिना.

---

जुना_जाणता | बुधवार, सकाळी ६:०२

म्हणजे माझ्या सल्ल्याने तुम्ही ईईप्रॉम बसवली असती, तरी तीच इमेज ओतल्यावर ४० जण पुन्हा एकाच नावाने उठले असते. चिपचा खर्च वाया आणि मला शिव्या. इसारसाहेब, वाचवलंत.

अवांतर: हे ४८ बिट आले कुठून, हे तरुणांना माहीत नसावं. झेरॉक्समध्ये इथरनेट घडत होतं, तेव्हा प्रत्येक यंत्राला जगभरात एकमेव असा पत्ता द्यायचा, मग ते कुठल्याही तारेला जोडा, ही कल्पना १९८१ च्या एका निबंधात मांडली गेली. दोन लेखकांपैकी एक योगेन दलाल, आपल्या पवईच्या आयआयटीचे. १९७४ मध्ये टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटच्या मूळ नियमांचा, पहिला तपशीलवार मसुदा निघाला, त्यावरही व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर त्यांचं नाव आहे. त्याआधीच्या प्रायोगिक इथरनेटमध्ये पत्ता फक्त ८ बिटांचा होता. तोच राहिला असता तर तुमच्या ४० डब्यांना जगात दुसरं कोणीतरी भेटलंच असतं.

---

फ्यूज_उडाला | बुधवार, सकाळी ९:४०

वाचनखूण साठवली. पवईच्या होस्टेलात चार वर्षं काढून हे मला इथे कळतंय.

---

इसार_किनारी | बुधवार, दुपारी ३:१५

अवांतराला अवांतर: यू-बूट सुरू करणारे वोल्फगांग डेंक आमच्या या म्युनिकच्या बाजूचेच. आधी पीपीसीबूट, मग २००२ मध्ये यू-बूट. जर्मनमध्ये यू-बूट म्हणजे पाणबुडी. २०२२ मध्ये ते गेले.

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. फोरजीवरून आत शिरता येतंय ना? इथरनेटवर भांडण चालू असलं तरी तो रस्ता मोकळा आहे, हे तुमचं नशीब. लिनक्समधून एफडब्ल्यू-सेटएन्व्ह ईथअ‍ॅडर, पुढे किंमत न देता चालवलं तर ते व्हेरिएबल पुसलं जायला हवं. पण ईथअ‍ॅडर 'एकदाच लिहा' जातीतलं आहे. मोकळीक देऊन बांधलं नसेल तर यू-बूट त्याला हात लावू देत नाही, आणि तुमचं लिनक्समधलं टूल कसं बांधलंय त्यावर तेही अडू शकतं. आधी बाकावर करून बघा.

---

लॉगरवाला | बुधवार, रात्री ११:२०

अडलं. पुसता येत नाही म्हणतंय.

---

इसार_किनारी | गुरुवार, रात्री १२:३०

मग एन्व्हायरन्मेंटची जागाच शून्याने भरायची. पुढच्या बूटला सीआरसी, म्हणजे मजकूर शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा, चुकेल, 'बॅड सीआरसी, डीफॉल्ट एन्व्हायरन्मेंट वापरतोय' असं म्हणून यू-बूट आत बांधलेली मूल्यं घेईल. त्यात ईथअ‍ॅडर नाही, त्यामुळे फ्यूजमधला येईल. पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, एन्व्हायरन्मेंटच्या दोन प्रती ठेवल्या असतील तर दोन्ही पुसा. एक पुसलीत तर तो दुसरी वाचेल आणि तुम्ही रात्रभर डोकं खाजवाल. दोन, ती ईएमएमसीच्या बूट पार्टिशनमध्ये असेल तर लिनक्स ते लिहू देत नाही, आधी त्याचं फोर्स-आरओ, म्हणजे लिहिण्यावरचं कुलूप, ० करावं लागतं. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: डीफॉल्ट मूल्यांवर तुमचा बोर्ड मुळात बूट होतो का? बूटडिलेखेरीज आणखी काय काय सेव्ह केलं होतंत, ते एफडब्ल्यू-प्रिंटएन्व्हने काढून ताडून बघा. साखर कारखान्यात ४० विटा (न उठणारे बोर्ड) ठेवून यायच्या नाहीत.

---

फुकटफौजदार | गुरुवार, सकाळी ८:५०

आणि मध्येच लाइट गेली तर?

---

निशिगंधा | गुरुवार, सकाळी ९:१५

या एका बाबतीत गेली तरी चालेल. अर्धवट पुसलेल्या प्रतीचाही सीआरसी चुकतोच. एकच प्रत पुसून झाली असेल तर तो दुसऱ्या प्रतीवर उठेल, जसा आज उठतोय तसा. परत करायचं. फौजदारांचा प्रश्न मात्र पहिल्यांदाच रास्त होता, हे नोंदवून ठेवते. (हलके घ्या.)

लॉगरवाले, पत्ते बदलले की कारखान्याच्या आयटीला आधी कळवा. त्यांच्या डीएचसीपीत किंवा फायरवॉलमध्ये जुना पत्ता नोंदवलेला असला तर तुमचे डबे सुधारतील आणि फोन तरीही तुम्हालाच येईल.

---

लॉगरवाला | शनिवार, सायंकाळी ६:४५

मंडळी, अहवाल.

गुरुवार बाकावर गेला. इसारसाहेबांचा तिसरा मुद्दा नसता तर मेलो असतो. डीफॉल्टमध्ये रूट पार्टिशन दुसरंच होतं, मॉड्यूलवाल्यांच्या नमुन्याप्रमाणे एसडी कार्डवर. आमच्या डब्यात एसडी कार्डाची खाच आहे, कार्ड नाही. म्हणून आधी योग्य डीफॉल्ट घालून नवं यू-बूट बांधलं, ते पाठवलं, मग दोन्ही प्रती पुसल्या. पहिला बोर्ड फोरजीवर परत दिसेपर्यंत ५० सेकंद गेले. त्या ५० सेकंदांत मी किती देव आठवले ते विचारू नका.

३८ झाले. एकाचं सिम बंद होतं, तिथे काकांनी केबल बदलून आत घेतलं. एका मॉड्यूलचे फ्यूज कोरे निघाले, सगळे शून्य. त्याला चिपच्या युनिक आयडीवरून ०२ ने सुरू होणारा घरगुती पत्ता दिला.

पुढच्या बॅचसाठी ठरवलंय: इमेज ओतताना एन्व्हायरन्मेंटची जागा इमेजमध्ये घ्यायचीच नाही, बूटडिले वगैरे जे काही असेल ते डीफॉल्टमध्ये बांधायचं. चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये फ्यूजमधला आणि लिनक्समधला पत्ता ताडून बघायचा, आणि आधीच्या सगळ्या बोर्डांशीही. बाकावर एका वेळी एक नव्हे, एका स्विचला निदान चार. सायलेंट कन्सोल आमच्या ऑफिसात तरी बंद. मार्केटिंगला सांगितलंय, घाण आम्ही बघू.

४० नवे स्टिकर छापून एसटीच्या पार्सलने पाठवलेत, काका चिकटवतायत.

---

रोमातला_राम | शनिवार, रात्री ८:१०

झकास धागा. परत रोमात चाललो.

---

लॉगरवाला | रविवार, सकाळी ११:३०

काकांचा फोन आला होता. म्हणाले, "साहेब, सगळं चालू आहे. फक्त १७ नंबरचा स्टिकर पाकिटात दोन निघाले आणि २३ चा एकही नाही."